विहिरीच्या तळाशी दिवा: एलईडी, मेटासरफेस आणि अडकलेला उजेड

काजवा

शनिवारी भाचा टॉर्च उघडून बसला होता. (परत जोडायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.) आत निघालं काय, तर ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा चौकोन आणि त्याच्यावर अंगठ्याएवढं जाड प्लास्टिकचं भिंग. "मामा, दिवा एवढासा, मग हे धूड कशाला?"

एलईडीच्या चिपा बनवण्याच्या धंद्यात माझी वीसेक वर्षं गेली, पण त्याला चटकन पटेल असं उत्तर सुचेना. शेवटी विहीर आठवली.

विहिरीत बुडी मारून, पाठीवर वळून वर पाहिलंय का कुणी? सगळं आभाळ एका गोल थाळीत गोळा झालेलं दिसतं. थाळीबाहेर आभाळ नाही. तिथे पाण्याच्या पृष्ठभागाचा आरसा होतो आणि विहिरीचेच दगड उलटे दिसतात. उभ्या रेषेपासून ४८-४९ अंश, एवढीच ती थाळी. आता उलटं करा. तळाशी दिवा ठेवला तर त्याचा उजेड फक्त त्या थाळीतून बाहेर पडणार, बाकीचा पृष्ठभागावर आपटून परत खाली.

पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो त्याचं माप) १.३३. निळ्या एलईडीतल्या गॅलियम नायट्राइडचा जवळपास २.४५. म्हणजे थाळी आक्रसून २४ अंशांवर येते. दिवा चहूकडे सारखा उजेड टाकतो असं धरलं, तर वरच्या पृष्ठभागातून एका फटक्यात बाहेर पडतो जेमतेम ४ टक्के. अवरक्त एलईडीत वापरतात ते गॅलियम आर्सेनाइड घेतलं, अपवर्तनांक ३.५, तर २ टक्के. आणि गंमत म्हणजे उजेड जिथे जन्मतो त्या थरालाही 'क्वांटम वेल', म्हणजे विहीरच म्हणतात! जाडी ३ नॅनोमीटरच्या आसपास. त्या पातळ थरात इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकमेकांना भेटतात आणि फोटॉन, म्हणजे उजेडाचा कण, निघतो.

मग बाजारातला दिवा एवढा लख्ख कसा? मारूनमुटकून. चिपेचा पृष्ठभाग रसायनाने खाऊन खडबडीत करतात, खालच्या नीलमण्याच्या चकतीवर टेंगळं उठवतात, वर सिलिकोनचा घुमट बसवतात. उजेड आत आपटत राहतो आणि कधीतरी बरोबर कोन सापडून निसटतो. चांगल्या चिपेतून ८० टक्क्यांहून जास्त उजेड असा बाहेर काढता येतो. मात्र तो निघतो जत्रा फुटल्यासारखा, वाट दिसेल तिकडे. त्याला दिशा लावायला पुढे ते धूड.

आता ज्यासाठी धागा काढला तो मुद्दा. आधी उजेड सांडायचा आणि मग भिंगाने गोळा करायचा, त्यापेक्षा तो जन्मतानाच ठरावीक दिशेला निघेल असं करता येईल का? मेटामटेरियलवाले म्हणतात, येईल. कारण उजेड किती लवकर निघेल आणि कुठे जाईल हे एकट्या अणूच्या हातात नसतं, त्याच्या भोवतालच्या जागेच्याही हातात असतं.

भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेलने १९४६ साली परिच्छेदभराच्या टिपणात हे मांडलं. त्याचं उदाहरण रेडिओलहरींचं होतं. अणुकेंद्राच्या चुंबकाने आपणहून ऊर्जा सोडून शांत व्हायचं म्हटलं तर लागणारा वेळ ५ वर २१ शून्यं एवढे सेकंद. विश्वाचं वय त्यापुढे किरकोळ. त्याच पदार्थात धातूचे बारीक कण मिसळा, तो म्हणाला, तेच काम मिनिटांत होईल. पुढे ड्रेक्सहागने एकेका रेणूच्या जाडीचे थर रचून युरोपियमचे रेणू आरशापासून मोजून-मापून अंतरावर बसवले. अंतर बदललं तसा त्यांच्या चमकण्याचा अवधी कमीजास्त होत गेला. रेणू तोच, आरसा तोच! १९८७ मध्ये याब्लोनोविचने उलटा प्रश्न विचारला: आत उजेड जन्मूच शकणार नाही अशी रचना करता येईल का? फोटॉनिक क्रिस्टल तिथून आले.

बाकी प्रतिसादांत बोलू. सलग लिहायला बसलो तर तुम्ही झोपाल.

टिनपाट

पहिला! वाचून मग प्रतिसाद देतो.

शेवंती

विहीर आवडली. पण मेटामटेरियल म्हणजे नेमकं काय ते सांगायचं राहिलंच की, काजवाजी.

काजवा

राहिलं खरं. ज्या पदार्थाचे प्रकाशाशी वागण्याचे गुण रसायनातून न येता त्यावरच्या नक्षीतून येतात तो मेटामटेरियल. अट एकच, नक्षी उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा बारीक हवी. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, आणि हातभर लांबून तिसराच रंग दिसतो ना, तसं. धागे सुटे दिसत नाहीत, एकत्र परिणाम दिसतो.

निळ्या उजेडाची तरंगलांबी हवेत ४५० नॅनोमीटर धरली तर गॅलियम नायट्राइडच्या आत १८५ च्या आसपास भरते. म्हणून नक्षी म्हणून जे खांब कोरायचे ते १००-२०० नॅनोमीटर रुंदीचे. अशा खांबांचा एकच थर असला की मेटासरफेस म्हणतात.

शब्द नवा असला तरी कल्पना जुनी. जगदीशचंद्र बोसांनी १८९८ मध्ये तागाचे पिळलेले जुडगे मायक्रोवेव्ह लहरींच्या वाटेत ठेवले आणि लहरींच्या कंपनाची दिशा फिरलेली दाखवली. पीळ उलटा, तर फिरणंही उलटं. तागाच्या रसायनाचा काही संबंध नव्हता, सगळी करामत पिळाची.

टिनपाट

वाचलं. म्हणजे माझ्या डोक्यात पीळ आहे म्हणून माझ्यावर उजेड पडत नाही?

शेवंती

टिनपाट, जिलेबी पाडायला शेजारचा धागा मोकळा आहे.

मास्तर_निवृत्त

लेख उत्तम. मेटामटेरियलला आम्ही वर्गात 'अधिद्रव्य' म्हणत असू. कुणी वापरला नाही तरी मी वापरणार.

शंका मात्र गंभीर आहे. मेटासरफेसचं भिंग मला कळतं. हार्वर्डच्या कापासोंच्या गटाने २०११ मध्ये सिलिकॉनवर सोन्याच्या व्ही आकाराच्या अँटेना बसवून अवरक्त किरण हवे तसे वळवले. तिथे बाहेरून एकच शिस्तीतली लाट येते. प्रत्येक अँटेना तिला थोडाथोडा उशीर लावते आणि लाटेचं तोंड वळतं. परेडमध्ये डावीकडच्यांनी आखूड पावलं टाकली की रांग वळते, तसं. पण एलईडीत परेड आहेच कुठे? प्रत्येक इलेक्ट्रॉन आपल्या मर्जीने, आपल्या वेळी फोटॉन सोडतो. कुणाच्या कलेचा (लाट चढउतारात नेमकी कुठे आहे त्याचा) कुणाशी मेळ नाही. हा तर मंडईतला गलका. गलक्याला वळवणार कसं?

तरफ

मी मिरजेची, वाद्यांच्या घरातली. भौतिकशास्त्र दहावीपर्यंतचं. पण 'भोवतालची जागा' वाचून हे लिहिल्यावाचून राहवेना. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांना ताणून छेडली तर बराच वेळ थरथरत राहते, हाताला जाणवते, पण दोन हातांवर ऐकू येत नाही. तीच तार घोडीवरून भोपळ्यावर चढवली की खोली भरते, आणि तार लवकर विझतेही. भोपळा तारेतली ताकद ओढून हवेत टाकतो. माझे आजोबा म्हणायचे, तार बोलत नाही, भोपळा बोलतो. तुमचा पर्सेल हेच म्हणतोय का?

काजवा

तरफताई, अगदी हेच, 'लवकर विझतेही' यासकट. बहुतेक लोक मोठ्या आवाजापाशी थांबतात. पर्सेलचा मुद्दा लवकर विझण्याचा आहे.

त्याचा उपयोग कुठे, ते आकड्यात सांगतो. भेटलेल्या इलेक्ट्रॉन-होलपुढे दोन वाटा असतात: उजेड देणं, नाहीतर स्फटिकातल्या एखाद्या दोषात सापडून नुसती उष्णता होणं. दोन्हींचा वेग सारखा असला तर निम्मे उजेड देतात. आता भोपळा असा लावला की उजेडाची वाट ५ पट वेगवान झाली, तर ६ मधले ५ उजेड देणार, म्हणजे ८३ टक्के. स्फटिक तोच, दोष तेवढेच, फक्त उजेडाने आधी नंबर लावला.

पण मुळात ९० टक्के उजेड देणारी उत्तम निळी चिप असेल तर या युक्तीने फार काही हाती लागत नाही. हिरव्या आणि लाल इंडियम-गॅलियम-नायट्राइडला मात्र तिची खरी गरज आहे, तिथे स्फटिकच कुरकुरतो.

मास्तर, तुमची शंका नेमक्या जागी लागलीय. रात्री सविस्तर लिहितो, आता पाळी संपत आलीय.

रानवारा

वाचतोय. मी याच विषयात पीएचडीची पाच वर्षं घातली, त्यामुळे हात शिवशिवताहेत.

कागदावर खांब सुंदर दिसतात. प्रत्यक्षात, ज्या प्रयोगशाळेत मी होतो तिथे इलेक्ट्रॉनच्या झोताने चकतीवर रेझिस्टची (कोरण्याआधी वर पसरतात त्या लेपाची) नक्षी काढायला रात्रभर यंत्र चालायचं. भरायची जागा नखावरच्या पांढऱ्या ठिपक्याएवढी. सकाळी चकती धुवायची, वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पहिल्या तीन वेळा मला काय दिसलं असेल? अवकाळीनंतरचं ज्वारीचं रान. सगळे खांब आडवे, शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकून. धुतल्यावर खांबांच्या मधलं पाणी वाळताना पृष्ठताणाने शेजारच्या दोघांना एकमेकांकडे खेचतं, आणि उंच-बारीक खांब कमरेत मोडतो. पुढे पाण्याऐवजी अल्कोहोल आणि मग दाबाखालचा द्रव कार्बन डायऑक्साइड वापरून वाळवायला शिकलो. तो दाबाखालीच तापवला की द्रव आणि वायू हा भेदच मिटतो, द्रवाला काठच राहत नाही, मग ओढणार कोण?

हे सांगण्याचं कारण, 'नक्षी काढली की झालं' असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात दुखतं.

काजवा

मास्तरांच्या गलक्याचं उत्तर.

दोन इलेक्ट्रॉनांचा मेळ नाही, बरोबर. तो घालायचाही नाही. एकाच इलेक्ट्रॉनपासून निघालेली एकच लाट बघा. ती थाळीत मावली नाही म्हणून परत आत वळते आणि थरातून आडवी पसरत जाते. वाटेत तिला एकामागून एक खांब भेटतात, आणि प्रत्येक खांब तिचा लहानसा तुकडा बाहेर फेकतो. हे तुकडे वेगवेगळ्या इलेक्ट्रॉनांचे नव्हेत, एकाच लाटेचे. म्हणून त्यांच्या कला एकमेकांशी बांधलेल्या असतात. ज्या दिशेला ते एकमेकांना दुजोरा देतात तिकडे उजेड जातो, बाकी दिशांना ते एकमेकांना खोडतात. पुढचा इलेक्ट्रॉन आपल्या वेळी येतो, त्याच खांबांतून जातो आणि त्याच दिशेला निघतो. मंडईत गलका असू द्या, प्रत्येकजण एकाच बोळातून बाहेर पडतो.

याचा एक ठसठशीत पुरावा एलईडीचा नाहीच, तापलेल्या वस्तूचा आहे. तापलेला तवा सगळीकडे धग फेकतो. त्याहून बेशिस्त उजेड नाही. २००२ मध्ये ग्रेफे आणि सहकाऱ्यांनी सिलिकॉन कार्बाइडवर बारीक समांतर चर कोरले आणि तापवलं. अवरक्त किरण एका अरुंद कोनात निघाले, जणू अँटेनाच. कारण तेच. पृष्ठभागावरून आडवी लांब धावणारी लाट आणि ठरावीक अंतरावरचे चर.

दुसरी वाट परस्परतेची, आणि गणित करणाऱ्यांना ही सोपी जाते. ज्या दिशेने आलेला प्रकाश विहिरीपर्यंत पोचून तिथे एकवटतो, त्याच दिशेला विहिरीतला उजेड जोरात निघतो. खिडकी दोन्हीकडून खिडकीच असते. म्हणून लाखो बेशिस्त इलेक्ट्रॉनांचं अनुकरण करत बसायचं नाही. बाहेरून एक लाट टाकायची आणि क्वांटम वेलच्या जागी ती किती एकवटते ते मोजायचं.

मास्तर_निवृत्त

बोळ पटला. म्हणजे मेळ गर्दीत नसून वास्तूत आहे. प्रत्यक्षात कुणी केलंय का?

काजवा

केलंय. मला सगळ्यात आवडलेलं काम सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं, २०२० चं. प्रसाद अय्यर, जॉन शुलर आणि मंडळी. लेखकांत शुजी नाकामुराही आहेत, म्हणजे ज्यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल अकासाकी आणि अमानोंबरोबर मिळालं तेच. यांनी क्वांटम वेल खांबांच्या पोटातच ठेवली. खांबांच्या रुंदी ओळीने बदलत नेल्या, तीच ओळ पुन्हापुन्हा. उजेड एका अरुंद झोतात, एकाच बाजूला कलून निघाला, आणि कोन कोणता हे रचनेतून ठरवता आलं. एकूण बाह्य कार्यक्षमता (आत टाकलेल्यापैकी किती उजेड होऊन बाहेर आलं ते) ७ पट, आणि थेट हवेत निघणाऱ्या उजेडाची १०० पट.

टिनपाट

१०० पट!! म्हणजे विजेचं बिल १०० पट कमी? घरातले सगळे बल्ब फेकायला काढतोय.

काजवा

थांबा, फेकू नका. एक तर तुलना नक्षी नसलेल्या सपाट नमुन्याशी आहे, तुमच्या घरातल्या खरवडलेल्या-घुमटवाल्या बल्बशी नाही. १०० घड्यांपैकी जेमतेम पाव घडा भरत होता तिथे २५ घडे भरले, तरी १०० पट होतात. दुसरं, त्यांनी नमुना वीज लावून पेटवला नव्हता, वरून प्रकाश टाकून चमकवला होता. वीज आत न्यायची तर धातूचे संपर्क हवेत. खांबांच्या जंगलात ते बसवायचे कुठे, हे वेगळंच प्रकरण. तिसरं, खांब कोरताना त्यांच्या भिंती ओरबाडल्या जातात आणि त्या भिंतीशी इलेक्ट्रॉन उजेड न देताच मरतात. गॅलियम नायट्राइड हे बरंच सोसतं, गॅलियम आर्सेनाइडचा मात्र लगेच जीव जातो.

माझं मत विचाराल तर घरच्या दिव्यात हे यायचं नाही. तिथे उजेड चहूकडेच हवा असतो, आणि खडबडीत पृष्ठभागाइतकं स्वस्त काही नाही. रसायनात बुडवला की झालं.

रानवारा

+१. आमच्या मार्गदर्शकांसमोर हे बोलायची सोय नव्हती.

शेवंती

मग ही एवढी खटपट कुठे कामाला येणार?

काजवा

जिथे चहूकडचा उजेड म्हणजे नुकसान, तिथे. चष्म्यात बसवायचा पडदा घ्या. काही मायक्रोमीटरच्या एलईडीतून निघालेला उजेड अरुंद कोनातच पुढे घ्यायचा असतो, उरलेला चष्म्याच्या दांडीत जाऊन गरमी करतो. तिथे अंगठ्याएवढं भिंग कुठून बसवणार?

पडद्यांत आणखी एक काम झालंय. सॅमसंग आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२० मध्ये ओएलईडीच्या खालचा आरसाच मेटासरफेसचा केला. वरचा उजेड देणारा थर सगळीकडे तोच, पांढरा. खालच्या आरशावरच्या खांबांची नक्षी बदलली की त्या खणातून लाल, हिरवा किंवा निळा रंग निघतो. इंचाला १०,००० पिक्सेलांच्या वर घनता जाऊ शकते असं त्यांनी दाखवलं.

आणि सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेतून २०२३ मध्ये आलेलं काम बघून मी खुर्चीतून उठलो होतो. गॅलियम आर्सेनाइडच्या मेटासरफेसमध्ये क्वांटम डॉट (उजेड देणारे अर्धवाहकाचे नॅनोमीटरी कण) पेरलेले, आणि वरून लेझरचा नक्षीदार ठसा टाकला की तेवढ्यापुरते खांबांचे गुण बदलतात. ठसा बदलला की डॉटमधून निघणाऱ्या उजेडाचा झोत फिरतो, ७० अंशांच्या टप्प्यात, आणि एका पिकोसेकंदाहून (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून) कमी वेळात. उजेड लेझरचा नव्हे, साधा बेशिस्तच. कोणताही भाग हलत नाही.

तरफ

एक भाबडा प्रश्न. आमच्याकडे तारांना चांदीचा मुलामा हा मानाचा विषय. चांदी तर प्रकाशाला इतकी छान परतवते, मग खांब चांदीचेच का नाही?

रानवारा

हा माझा प्रांत. केलंय लोकांनी. चांदी आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे अत्यंत पातळ थर आलटूनपालटून रचले की 'हायपरबोलिक' मेटामटेरियल होतं. त्याच्याजवळ ठेवलेले क्वांटम डॉट भराभर विझतात, म्हणजे उजेडाला निघायला वाटाच वाटा. न्यूयॉर्कमधल्या विनोद मेनन यांच्या गटाचा आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पण त्यातल्या पुष्कळ वाटा थरांच्या आतच जातात आणि धातूत उष्णता होऊन संपतात. पोहरा झपझप भरतो, पण पोहऱ्याला भोक. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच लोक धातू सोडून सिलिकॉन, गॅलियम नायट्राइड असल्या पारदर्शक किंवा अर्धवाहक खांबांकडे वळलेत.

धातूला अगदीच काढून टाकू नका मात्र. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये चांदी-सोन्याच्या नॅनोरचनांवर चांगलं काम झालंय. एका अणुथराच्या अर्धवाहकावर चांदीची नॅनोतार ठेवून त्याचा उजेड दिशेला लावणं, वगैरे.

मास्तर_निवृत्त

थोडं अवांतर. धागाकर्त्याच्या आयडीवरून आठवलं. काजव्याच्या पोटालाही हाच त्रास असणार ना? आत उजेड, बाहेर कायटिनचं कवच.

काजवा

मास्तर, अवांतर कसलं! २०१३ मध्ये फोटुरिस जातीच्या काजव्याच्या पोटावरचे खवले तपासले होते. ते कौलांसारखे एकमेकांवर कललेले असतात आणि त्यांच्या धारदार कडांतून जास्त उजेड बाहेर पडतो. ती कौलांची पायरी एलईडीवर उठवली तर उजेड ५५ टक्क्यांपर्यंत वाढला. पायऱ्या काही मायक्रोमीटरच्या, म्हणजे तरंगलांबीहून मोठ्या. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हे मेटामटेरियल नव्हे. आयडी मी मात्र भंडारदऱ्याच्या आठवणीने घेतलाय, हे नंतर कळलं.

शेवंती

लेकीला घेऊन काल माहेरच्या विहिरीत बुडी मारली. काजवाजी, थाळी दिसली नाही! मध्ये आभाळाचा लहानसा तुकडा, भोवती सगळे काळे दगड. तुमचे ४८ अंश कुठे गेले?

मास्तर_निवृत्त

शेवंतीताई, पाणी काठापासून किती खाली होतं?

शेवंती

दोन पुरुष असेल.

मास्तर_निवृत्त

मग थाळी होतीच, पण थाळीत आभाळाऐवजी विहिरीचा वरचा कठडाच भरला होता. पाणी काठाला लागल्याशिवाय आभाळ कडेपर्यंत पसरत नाही. काजवासाहेबांनी ही अट लिहायला हवी होती.

काजवा

चूक मान्य. तुडुंब विहीर हवी, पाणी संथ हवं, आणि डोळ्याला पोहण्याचा चष्मा हवा, नाहीतर सगळं धूसर. श्रावण सरल्यावर बघा.

शेवंती

बरं, तोवर लेकीने घरातला टॉर्च उघडलाय. भिंग काढून भिंतीवर मारला तर सगळी खोली फिकट उजळली. भिंग लावलं तर भिंतीवर भाकरीएवढा पांढरा गोल. आता तो पिवळा चौकोन चिमट्याने उचकटायला निघालीय.

काजवा

चौकोन उचकटू नका, त्याच्याखाली तारा केसाहून बारीक असतात!

शेवंती

उशीर झाला.